शेगडीचा फुगा

आमच्या साखर कारखान्याचं नाव मी सांगत नाही. नाव एका देवाचं आहे आणि या सगळ्यात देवाचा काही दोष नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातला, उसापेक्षा संचालक जास्त असलेला एक कारखाना, एवढं सांगितलं तरी पुरे.

चेअरमन आण्णासाहेब एकदा संचालकांना घेऊन पश्चिम महाराष्ट्रात अभ्यास दौऱ्यावर गेले. अभ्यास किती झाला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, पण तिकडच्या एका कारखान्याच्या दारात त्यांना ॲम्बुलन्स उभी दिसली. शेजारणीच्या गळ्यात नवी बोरमाळ दिसावी तसं झालं. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत ठराव झाला की आपल्यालाही पाहिजे. १९८३ च्या दिवाळीत गाडी आली. पांढरी शुभ्र, दोन्ही बाजूंना लाल फुल्या, डोक्यावर फिरता दिवा. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाला. फोटोत अकरा संचालक आहेत, गाडी त्यांच्यामागं थोडीशी दिसते.

गाडीबरोबर जाणता माणूसही लागतो हे कुणाच्या तरी महिनाभरानं ध्यानात आलं. म्हणून मला घेतलं. मी श्रीपती सोनकवडे. आर्मी मेडिकल कोअरमध्ये पंधरा वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. पेन्शन घेऊन गावी आलो होतो आणि घरी बसून बायकोच्या, केशरबाईच्या, स्वयंपाकात चुका काढत होतो. कारखान्यानं रोजंदारीवर ठेवलं. कायम कधी करणार असं विचारलं की ‘बघू’ म्हणायचे. हे ‘बघू’ आमच्याकडं फार सोयीचं आहे, ते असलं की ‘नाही’ म्हणावं लागत नाही.

माझं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं की आपल्या हातात चार-पाच मिनिटं असतात. त्याला कडक जमिनीवर उताणं टाकायचं, छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळहात ठेवून जोर लावून दाबत राहायचं आणि मधून मधून त्याच्या तोंडातून आत हवा घालायची. गाडी येईपर्यंत आणि गाडीत घातल्यावर दवाखाना येईपर्यंत हे थांबवायचं नाही. बस, इतकंच. हवा घालायला एक फुगा मिळतो. काळ्या रबराचा, पपईएवढा, पुढं नाकातोंडावर बसणारी वाटी. वाटी घट्ट धरायची आणि फुगा दाबायचा. फुगा नसला तर आपलं तोंड त्याच्या तोंडाला लावायचं. लखनौला आम्हाला हे रबरी बाहुल्यावर शिकवलं होतं आणि नंतर खऱ्या माणसांवर मी ते चारदा केलं होतं. चारातला एक जगला होता. हे प्रमाण कमी वाटत असेल तर लक्षात घ्या, न करता चारातला एकही जगत नाही.

नोकरीला लागल्याबरोबर मी कार्यकारी संचालकांना अर्ज दिला. प्रत्येक खात्यातली चार माणसं द्या, आठवड्यात शिकवतो, कारण प्रत्येक ठिकाणी मी वेळेवर पोचणार नाही. त्यांनी अर्जावर ‘नोंद घेतली’ असं लिहिलं आणि अर्ज फायलीत गेला. आजही तिथंच असेल, कारखाना बंद पडला तरी फाइल चालूच असणार.

गाडीचं पुढं काय झालं ते ऐका. ऑक्सिजनचं नळकांडं पहिल्याच महिन्यात वर्कशॉपनं नेलं. गॅस कटिंगला कमी पडत होतं आणि हाही ऑक्सिजनच, तोही ऑक्सिजनच, असा त्यांचा हिशेब. स्ट्रेचर गेस्टहाऊसच्या अंगणात गेलं, त्यावर कुरडया वाळायच्या. सायरन तेवढा जागेवर राहिला, कारण नवरात्रात संचालक मंडळ तुळजापूरला जायचं तेव्हा गर्दी हटवायला तो लागायचा. पुढं पाऊस हटून बसला, विहिरी तळाला गेल्या, तेव्हा गाडीतली बाकंही निघाली आणि त्या जागी पाण्याची बॅरलं आली. आण्णासाहेबांची मोसंबीची बाग पल्याडच्या शिवारात होती. तेरणेच्या डोहातलं पाणी ॲम्बुलन्समधून त्या बागेला जायचं. वाटेतल्या वस्तीवरच्या बाया गाडी दिसली की घागरी घेऊन रस्त्यावर यायच्या आणि महांतप्पा, आमचा अणदूरकडचा ड्रायव्हर, सायरन वाजवून त्यांना बाजूला काढायचा. त्याचा तरी काय दोष? सायरन आजाऱ्यासाठी असतो हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

आणि फुगा नेला गोरोबानं. गोरोबा म्हणजे गेस्टहाऊसचा स्वयंपाकी. कोळशाच्या शेगडीला फुंकणीनं फुंकलं की डोळ्यांत राख जाते, फुग्यानं कसं लांबून वारं घालता येतं. मी दोनदा भांडून परत आणला. तिसऱ्या वेळी त्यानं सांगितलं की आण्णासाहेबांनीच परवानगी दिली आहे, पाहुण्यांची कोंबडी वेळेवर भाजली गेली पाहिजे. माणसाच्या छातीत हवा घालायची वस्तू कोंबडीच्या निखाऱ्यांना हवा घालत होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असला तो कारभार.

१९८४ च्या कार्तिकात गाळप हंगामाचा शुभारंभ होता. उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायचा कार्यक्रम. ऊस पन्नास दिवस पुरेल एवढाही नव्हता, पण मांडव हजार माणसांचा घातला होता. पाहुण्यांना दिसावी म्हणून ॲम्बुलन्स धुऊन, बॅरलं काढून, दारं उघडी ठेवून मांडवाशेजारी उभी केली होती आणि तिच्याशेजारी इस्त्रीच्या कपड्यांत मला.

सकाळी अकराच्या सुमारास आण्णासाहेबांनी मोळी उचलली आणि टाकली. टाळ्या वाजल्या. टाळ्या चालू असतानाच ते गुडघ्यांवर आले, मग आडवे झाले. यंत्राला साष्टांग नमस्कार घालतायत असं लोकांना वाटलं. टाळ्या आणखी वाढल्या.

मग त्यांच्या घशातून घरघर आवाज आला आणि हातपाय दोनदा झटकले. हृदय थांबल्यावर काहीजणांचं असं होतं. तो श्वास नव्हे, पण बघणाऱ्याला फिट वाटते. व्हाइस चेअरमन माणिकप्पा ओरडले की फिट आलीय, कांदा आणा. दुसऱ्या एका संचालकानं मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. वहाण हुंगवायची ठरली, पण पूजेमुळं सगळ्यांच्या वहाणा मांडवाबाहेर होत्या, त्यामुळं कातड्याची वहाण शोधण्यात एक मिनिट गेलं. चार मिनिटांतलं एक.

मी घुसलो. मानेला बोटं लावली, नाडी नव्हती. अशा वेळी आम्हाला शिकवलं होतं की पहिल्यांदा छातीवर वरून एक जोराचा गुद्दा द्यायचा. मी दिला. खरं सांगतो, त्या गुद्द्यात नुसतं वैद्यकशास्त्र नव्हतं. वर्षभराची कोंबडी, कुरडया आणि मोसंबी सगळं त्यात होतं. एका संचालकानं माझी कॉलर धरली, साहेबाला मारतोय म्हणून. मी त्याला कोपरानं ढकललं आणि छाती दाबायला लागलो. महांतप्पाला ओरडून सांगितलं की फुग्याचा डबा आण. त्यानं पळत डबा आणला, उघडला आणि रिकामा डबा माझ्यापुढं धरून उभा राहिला.

त्या तोंडात पान होतं, तंबाखू होती, सकाळचा शिरा होता. मी बोट घालून साफ केलं आणि माझं तोंड लावलं. मांडव एकदम गप्प झाला. मला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळत होता. मरायला टेकलेल्या चेअरमनची काळजी त्यात थोडी होती, आणि कुणाचं तोंड कुणाच्या तोंडाला लागलं हा हिशेब जास्त. आमचे वडील छप्पन्न साली बुद्धाला शरण गेले, पण गाव काही त्यांच्याबरोबर गेलं नव्हतं. मी पंधरापर्यंत मोजत दाबत होतो, दोन श्वास देत होतो, पुन्हा मोजत होतो. माणिकप्पा कांदा हातात घेऊन उभे होते.

पाचेक मिनिटांनी बोटांखाली नाडी लागली. मग त्यांनी स्वतःचा एक श्वास घेतला, मग दुसरा. हे नशीब होतं, माझी करामत फक्त नशिबाला वेळ देण्यापुरती. गाडीत घालून सोलापूरला नेलं. ऑक्सिजन वर्कशॉपमध्ये, स्ट्रेचर कुरडयांखाली, म्हणून त्यांना मांडवातल्या सतरंजीवर घालून नेलं. सायरन मात्र उत्तम वाजला. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई मागून जीपनं आल्या. आण्णासाहेब वाचले.

ते दवाखान्यात होते तोवर इकडं गावोगाव चर्चा. कुणी म्हणालं देवीनं वाचवलं, कुणी म्हणालं कांद्यानं. पण विरोधी पॅनेलच्या लोकांना वेगळंच सापडलं होतं. चहाच्या टपरीवर, बाजारात हसून हसून विचारायचे, चेअरमनच्या तोंडात आता कुणाचं वारं आहे? संचालक मंडळाची निवडणूक तीन महिन्यांवर होती. माणूस जगला ही बातमी नव्हती, तो कुणाच्या श्वासानं जगला ही बातमी होती.

आण्णासाहेब घरी आल्यावर मला बोलावणं आलं. बंगला कारखान्यापासून दोन मैलांवर. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, शेजारी माणिकप्पा टाइप केलेला कागद घेऊन. आधी मला कायम ‘ए सोनकवडे’ म्हणायचे. त्या दिवशी खुर्ची दिली आणि ‘तुमी’ म्हणाले. तेव्हाच मला कळलं की काहीतरी द्यावं लागणार.

“तुमी माझा जीव वाचीवला, त्ये म्या इसरणार न्हाय,” ते म्हणाले. “पर लोकांत लई काय काय चाललंय. तुमी फुग्यानं वारं घातलं, असं लिहून द्या. गाडीचंबी नाव हुईल.”

मी म्हणालो, “फुगा शेगडीवर होता, साहेब.”

“त्ये तुमाला आन मला ठावं,” ते म्हणाले.

कागदाखाली दुसरा कागद होता, मला कायम केल्याचा. माणिकप्पांनी दोन्ही कागद असे धरले होते की एकावर सही केल्याशिवाय दुसरा दिसू नये, आणि दिसल्याशिवायही राहू नये. मी सही केली. मनात म्हटलं, मरा तिकडं. ज्यांना स्वतःच्या जिवापेक्षा स्वतःचं तोंड सोवळं ठेवायची पडली आहे त्यांच्याशी कशाला वाद घाला? घरी येऊन केशरबाईला सांगितलं. कायम झालो याचा तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण ताट वाढता वाढता म्हणाली, उद्या दुसरं कुणी पडलं तर लोक काय करतील, फुगा शोधत पळतील? मी म्हणालो, पळू दे.

त्या वर्षीच्या सभेत फुग्याचा सत्कार झाला. अतिशयोक्ती करत नाही. टेबलावर लाल कापड, त्यावर फुगा, फुग्याला हळदकुंकू आणि शेवंतीचा हार. गोरोबानं आदल्या दिवशी त्याची काजळी साबणानं घासून काढली होती. कार्यकारी संचालकांनी माझं निवेदन वाचून दाखवलं. आधुनिक साधनामुळं आपल्या नेत्याचे प्राण वाचले. मी खालच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. निवडणूक आण्णासाहेबांनी जिंकली. फुगा मग बंगल्यावर ठेवायचा ठरला, पुन्हा गरज पडली तर जवळ असावा म्हणून.

तो न्यायच्या आधी मी तपासला. खालच्या बाजूला ठिणगीनं पडलेलं भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशन लावून चिकटवला. रबर तेलकट झालेलं, ठिगळ नीट बसत नव्हतं. नवा मागवायला पाहिजे होता. पण मी म्हटलं, हार घालायच्या वस्तूला भोक असलं काय आणि नसलं काय. तसाच पाठवून दिला.

फाल्गुनातली गोष्ट. भर दुपारी कारखान्याच्या दवाखान्यात मी एकटाच होतो. सत्यभामाबाई आल्या. जीप नाही, बरोबर कुणी नाही, डोक्यावर पदर. पेशंट बसतात त्या बाकावर बसल्या. पाणी मागितलं. माठ माझा होता, भांडं माझं होतं. मी दिलं. त्यांनी भांडं वरून धरलं नाही, ओठाला लावून प्यायल्या. मला ते दिसलं आणि मनात आलं, वा, मतं मागायला आमच्या वस्तीत आल्यावर हे लोक चहासुद्धा पितात, त्यातलंच हे.

त्यांनी भांडं बाकावर ठेवलं. मग म्हणाल्या, “त्या दिशी म्या लांब हुते, बायांत. मला तुमची पाठ तेवढी दिसली. खरं सांगा, तुमी त्यांच्या तोंडाला तोंड लावलं हुतं का?”

माझं डोकं फिरलं. नवऱ्यानं लिहून घेतलं, आता बायको तोंडी घ्यायला आली. खात्री करून घेतल्याशिवाय एका ताटात जेवत नसेल बहुतेक. गोमूत्र किती पाजायचं ते ठरवायचं असेल. मी अगदी नम्रपणे, सैन्यात अधिकाऱ्यापुढं बोलतात तसं म्हणालो की नाही वहिनीसाहेब, फुगा होता, जे झालं ते फुग्यानं झालं.

त्यांनी विचारलं, मग छातीवर काय करत होता. मी म्हणालो, मालिश, त्याचं काही विशेष नाही. पुन्हा त्यांनी विचारलं, म्हणजे फुगा दाबला की झालं, दुसरं काहीच करायचं नसतं? मी म्हणालो, काही नाही. वाटी कशी धरायची तेवढं हातानं हवेत दाखवलं. त्यांनी दोनदा तसं करून पाहिलं, अंगठा इथं का, बोटं अशी का, असं विचारलं. मी मान हलवली. त्यांनी भांडं विसळून पालथं घातलं आणि गेल्या. मला त्या रात्री फार बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो. एवढ्या मोठ्या घराला मी तोंडावर खोटं सांगितलं होतं आणि त्यांनी ते निमूट घेतलं होतं.

पुढचं वर्ष कोरडंच गेलं. १९८६ चा मे. कारखान्याचं गाळप केव्हाच संपलेलं, दवाखान्यात उन्हानं चक्कर आलेली माणसं येत होती. दुपारी चारच्या सुमारास आण्णासाहेबांचा सालगडी लिंबाजी सायकल मारत आला. मालक पडलेत, श्वास न्हाय, गाडी घेऊन चला. मी अंगणात पाहिलं. गाडी नव्हती. दुपारीच आण्णासाहेबांचा निरोप आला होता की मोसंबी करपायला लागली, आज दोन खेपा करा. महांतप्पा बॅरलं घेऊन डोहावर गेला होता.

मी लिंबाजीची सायकल घेतली. दोन मैल, चढ, समोरून वारं. त्याला कारखान्यावर यायला लागलेला वेळ आणि मला जायला लागलेला, दोन्ही धरून अर्धा तास. मी सायकल मारत होतो आणि स्वतःला सांगत होतो की उपयोग नाही, आणि तरी मारत होतो.

बंगल्याच्या पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं भिंतीला लागून उभी होती, हात जोडून. माणिकप्पा तुळशीचं पान आणि पाण्याची वाटी घेऊन तयार. आण्णासाहेबांना पलंगावरून खाली, भुईवर घेतलं होतं, शेवटच्या घटकेला घेतात तसं. शहाबादी फरशी, गार, कडक, छाती दाबायला हवी होती अगदी तशी. त्या छातीला अर्ध्या तासात कुणी हात लावला नव्हता.

डोक्याशी सत्यभामाबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. डाव्या हातानं वाटी धरली होती, अंगठा इथं, बोटं अशी, मी दवाखान्यात दाखवलं होतं त्यात तसूभर चूक नव्हती. उजव्या हातानं फुगा दाबत होत्या. ठिगळ सुटून खाली पडलं होतं. प्रत्येक दाबाला भोकातून फुस्स आवाज यायचा आणि शेगडीच्या राखेचा वास. त्यांचा पदर खांद्यावर आला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. अर्धा तास त्या एकट्या तेवढंच करत होत्या, कारण मी सांगितलं होतं की दुसरं काही करायचं नसतं.

मी त्यांना बाजूला केलं. छाती दाबली, तोंडाला तोंड लावलं. सगळ्यांदेखत. या वेळी कुणी कॉलर धरली नाही, कुणी गप्पही झालं नाही, कारण आधीच सगळे गप्प होते. तोंड गार होतं. वीस मिनिटं मी दाबत राहिलो. आण्णासाहेबांसाठी नव्हे, ते तर केव्हाच गेले होते. मला त्या बाईकडं बघायचं नव्हतं म्हणून दाबत राहिलो. शेवटी माझे हातच थांबले. तेवढ्यात बाहेर सायरन वाजला. महांतप्पाला वाटेत कुणीतरी सांगितलं असावं. त्यानं दार उघडलं, एक बॅरल कलंडलं आणि पाणी पायरीपर्यंत आलं.

माणिकप्पांनी तोंडात पाणी घातलं, बायकांनी रडणं सुरू केलं. सत्यभामाबाई रडल्या नाहीत. माझ्या शेजारी बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. मग हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं बोलल्या.

“तवाबी असंच केलं हुतं ना तुमी?”

“व्हय,” मी म्हणालो.

“तोंड लावून?”

“व्हय.”

“सोलापुरात डाक्टरनं मला सांगितलं हुतं, ज्यानं ह्ये केलं त्याच्याकडनं शिकून घ्या, ह्ये पुन्यांदा हुईल म्हणून. त्यासाठी आले हुते म्या, चालत. तुमाला काय वाटलं, म्या इटाळ विचाराया आले हुते?”

त्यांनी फुग्याची वाटी पदरानं पुसली आणि फुगा माझ्या मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

शोकसभेत माझं ते निवेदन पुन्हा वाचलं गेलं. आधुनिक साधनानं पहिल्यांदा यमाला परतवलं, दुसऱ्यांदा काळच बलवत्तर ठरला. खाली सही माझी. मी मागं उभा होतो. त्या सगळ्यांचा मला नेहमीसारखा राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. आण्णासाहेब मूर्ख होते, माणिकप्पा त्याहून मूर्ख होते, हे मी आजही म्हणतो. पण त्या घरात एक माणूस शिकायला तयार होतं. ते दोन मैल उन्हातून चालत माझ्यापर्यंत आलं होतं, आणि माझ्या भांड्याला ओठ लावून पाणी प्यायलं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.